नर्मदेच्या काचा

लग्न ठरलं तेव्हा नर्मदेने एकच अट घातली होती, आपलं संशोधन पुरं होऊ द्यायचं. चंद्रभानने ती कबूल केली आणि मोडली नाही. पण लग्नानंतर वर्षाच्या आत त्याला तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर ओव्हरसियरची नोकरी लागली. सालवडला विश्राम नावाच्या शेतकऱ्याच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या, आणि मुंबईच्या प्रयोगशाळेत बसणारी नर्मदा चुलीपुढे येऊन बसली. तेव्हा ती पंचविशीची होती.

तिचं काम काचांवरचं होतं. फोटोच्या काचेवर असतो तसाच पण पुष्कळ जाड लेप या काचांवर असे. परदेशातल्या मोठ्या यंत्रात त्यांच्यावर अतिसूक्ष्म कणांचा झोत सोडलेला होता. कण लेपातून गेला की मागे काळ्या ठिपक्यांची रेघ राहते. तो कुठे थांबला, कुठे फुटला, त्याचे तुकडे कुठे गेले, हे सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचं, मोजायचं आणि त्यावरून तो कण कोण हे ठरवायचं. यावरच तिला पीएच.डी. करायची होती.

मार्गदर्शक सर तसे कडक, पण त्यांनी एक जुना सूक्ष्मदर्शक आणि काचांची पेटी घरी न्यायची परवानगी दिली. "महिन्यातून एकदा येऊन दाखवून जा," म्हणाले. "आणि जपून. त्या काचा पुन्हा मिळायच्या नाहीत."

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी कळलं की टेबल थरथरतं. रस्त्यावरून खडीचे ट्रक जायचे, आणि भिंगाखालची रेघ पाण्यातल्या गवतासारखी हलायची. चंद्रभानने दोन दिवस विचार केला. मग कोपऱ्यातली जमीन खणून त्याने खड्डा वाळूने भरला, खाणीतली एक जाड फरशी त्यावर बसवली आणि भिंतीला कुठेही टेकू दिली नाही. रेघ स्थिर झाली. दुपारी खडक फोडायचे सुरुंग उडत, तेवढ्यात ती स्वयंपाक उरकून घेई.

विश्रामची बायको सोमी दारातून वाकून बघायची. "वयनी, दिसभर काय बगता? त्या काचंत काय हाय?"

नर्मदेने तिला बसवून दाखवलं. सोमीने एक डोळा घट्ट मिटला, बराच वेळ पाहिलं.

"काळ्या मुंग्यांची रांग दिसते."

"तीच शोधते मी."

"गावली का?"

"पुष्कळ. पण हवी ती नाही."

हवी ती पुढच्या माघात सापडली. एक कण येऊन थांबलेला, तिथून एक आखूड जाड रेघ निघालेली, तिच्या टोकाला तीन फाटे, आणि त्यातला एक फाटा पुढे जाऊन पुन्हा फुटलेला. असं दोनदा फुटणं जगात फारच थोड्यांनी पाहिलं होतं. नर्मदा उठली, पाणी प्यायली, परत येऊन बसली. रेघ तिथेच होती.

सरांनी ती काच पाहिली आणि खुर्चीतून उठून तिला बसायला जागा दिली. असं कधी झालं नव्हतं. "मोजमाप पुरं कर. शोधनिबंध मी लिहायला घेतो," ते म्हणाले. चंद्रभानने पेढे आणले. वऱ्हाडातून सासूबाई, रत्नाबाई, सुनेच्या बाळंतपणासाठी आल्या होत्या. त्यांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "इतकं हरखायले काय गवसलं वं?"

"नीट सांगता येत नाही, आत्याबाई. पण मोठं आहे."

चैत्रात मुलगी झाली. रत्नाबाई तिला ओट्यावर घेऊन बसायच्या आणि नर्मदा मोजमापं करायची. पावसाळा लागला. सालवडची हवा अशी ओली की मीठ बरणीत वितळे, चंद्रभानच्या चामडी बुटांवर हिरवी बुरशी चढे. काचांवरचा लेपही ओल धरून फुगू लागला. नर्मदा वैतागली. रोज नवे आकडे येत होते.

श्रावणातल्या एका सकाळी ती त्याच रेघेवर भिंग लावून बसली होती. सवयीने तिने चाक फिरवलं आणि हात थांबला. फाट्याचं टोक स्पष्ट दिसत होतं, पण जिथून पुढचं फुटणं सुरू व्हायचं ती जागा अंधूक होती. चाक थोडं खाली फिरवलं, ती जागा स्पष्ट झाली, टोक अंधूक झालं. हिवाळ्यात लेप सुकून चेपलेला होता, म्हणून दोन्ही ठिकाणं एकच वाटली होती. फुगल्यावर त्यांच्यामध्ये फट पडली. एक कण वर थांबला होता, दुसरा निराळाच कण बरोबर त्याच्या खाली फुटला होता. एकमेकांशी त्यांचा काही संबंध नव्हता.

संध्याकाळी चंद्रभान आला तेव्हा दिवा लागलेला नव्हता. तिने सांगितलं.

"सरांना दिसलं नाही ना अजून?" त्याने विचारलं.

"नाही."

तो खाली बसून बूट सोडू लागला. "मग उद्याच जा. निबंध टपालात पडायच्या आधी."

सरांनी ती काच एका द्रावणात ठेवून मुद्दाम फुगवली आणि स्वतः पाहिलं. फट होतीच. त्यांनी लिहिलेले कागद खणात ठेवून खण बंद केला. मग म्हणाले, "बाकीच्या नोंदी ठीक आहेत. त्यांच्यावर प्रबंध होईल. दिवाळीपर्यंत दे."

"ठीक आहेत हे कशावरून, सर? त्याही मी कोरड्या दिवसांतच मोजल्यात."

"सगळ्या पुन्हा तपासणार? लहान मूल आहे तुझं."

"हो."

त्या एका 'हो'ने दोन-अडीच वर्षं खाल्ली. लेक रांगायला लागली, चालायला लागली, फरशीला धडकायला लागली. रत्नाबाई गावी जाऊन परत आल्या. "किती दिस चालन हे, पोरी?" त्या विचारत. मग नातीला कडेवर घेऊन विश्रामच्या वाडीकडे निघत. नोंदींपैकी काही गळाल्या, पुष्कळशा टिकल्या. नर्मदेने प्रत्येक मोजमापाला हवेतल्या ओलीचा हिशोब लावला. प्रबंधातलं ते सगळ्यात लांब आणि सगळ्यात नीरस प्रकरण झालं.

तोंडी परीक्षा एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात झाली. परीक्षकांनी त्या नीरस प्रकरणावरच जास्त विचारलं, आणि तिनेही कंटाळा न करता सांगितलं. पदवी मिळाली. जगात कुठे तिचं नाव झालं नाही. सरांनी मात्र त्या दिवशी तिला डॉक्टर म्हणून हाक मारली आणि स्वतःच्या बोलण्यावर स्वतःच लाजल्यासारखे हसले.

दुसऱ्या दिवशी चंद्रभानने सगळ्यांना चिंचणीच्या किनाऱ्यावर नेलं. रत्नाबाईंनी एवढ्या वर्षांत समुद्र लांबूनच पाहिला होता. त्या लुगडं घोट्यावर धरून पाण्यात उतरल्या, लाट आली तशी किंचाळून सुनेचा दंड पकडला.

"आता काय करशीन तू?" दम खात त्यांनी विचारलं.

"पालघरच्या कॉलेजात शिकवायला बोलावलंय. जूनपासून."

"अन् पोरीले कोण पाहीन?"

रत्नाबाईंनी पुढची लाट येताना पाहिली, पाय घट्ट रोवले आणि म्हणाल्या, "मी गावाले पत्र टाकतो, एवढ्यात येत नाही म्हून."