जावईबापूंचा डावा दिवा

भांडुप पश्चिमेला मोठ्या रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक टपरी आहे. तिथे शिवदास परब गाड्यांचे दिवे बदलतो. पुढचे, मागचे, वळायचे, ब्रेकचे. गाडीच्या अंगावर बाहेरून जे जे पेटतं ते शिवदासचं, आणि आतलं इंजिन ज्याचं असेल त्याचं. कुणी "जरा ऑइलपण बघा ना" म्हटलं, की केस कापणाऱ्याला दाढ काढायला सांगितल्यासारखा चेहरा करतो.

वय अडुसष्ट. वडील परळच्या गिरणीत होते. संपात गिरणी बसली, म्हातारा कणकवलीला परतला आणि शिवदास एका मोटार वायरमनच्या हाताखाली शिरला. त्या वायरमनने शिव्या पुष्कळ शिकवल्या आणि धडा एकच: हॅलोजन बल्बच्या काचेला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचा घाम, तेलाचा अंश काचेवर राहतो, दिवा लागला की तेवढीच जागा जास्त तापते आणि थोड्या दिवसांत बल्ब उडतो. चाळीस वर्षांत शिवदासने हे मोडलेलं नाही. बायको माणिक जुन्या सुती साडीची फडकी रोज धुऊन देते, त्या फडक्यात तो बल्ब असा धरतो की आत चिमणीचं पिल्लू असावं. "सुनेला एवढं जपलं असतंत तर ती ठाण्याला वेगळी गेली नसती," हे माणिकच चारचौघांत म्हणते. आपण कशाला बोला!

तर अशा माणसाला मुलुंडचा सुयोग भेटला.

सुयोग सासूच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि सासऱ्यांनी जाण्याआधी घेतलेली गाडी चालवतो. कंपनीत तो मोठा साहेब असेल, पण टपरीवर त्याचं नाव जावईबापू. बिचारा या नावालाही ओ देतो. गणपतीच्या आधी त्याच्या गाडीचा पुढचा डावा दिवा गेला. शिवदासने सांगितलेला बल्ब त्याने मुलुंडच्या दुकानातून आणला, शिवदासने बसवला. वीस दिवसांत उडाला. दुसरा आणला, तो सोळा दिवसांत. उजवा मात्र शोरूममधून आला तो चार वर्षं ढिम्म जळतोय.

डावाच का? शिवदासचं डोकं त्यातच अडकलं. मीटर लावलं, व्होल्टेज बरोबर. अर्थिंगची तार खरवडून पुन्हा घट्ट केली. दिव्यामागची रबरी टोपी काढून आत पाणी शिरतंय का पाहिलं, तर सगळं खडखडीत कोरडं. शेवटी त्याने दोन्ही मेलेले बल्ब उन्हात धरले. दोघांच्याही काचेवर एकाच बाजूला पांढुरका, किंचित फुगलेला डाग होता. अंगठ्याच्या टोकाएवढा.

असा डाग त्याने दुसऱ्यांनी बसवलेल्या बल्बांवर शेकडो वेळा पाहिला होता आणि मनसोक्त हसला होता. स्वतःच्या बल्बवर हा पहिल्यांदाच. मागच्या वर्षी साखर निघाली तेव्हा डॉक्टर बोटांच्या बधिरपणाबद्दल काहीतरी म्हणाले होते. फडकं सरकतं, अंगठा काचेला लागतो आणि आपल्याला कळतच नाही, असं तर झालं नाही? जेवताना तो उजवा हात सारखा उलटसुलट करून बघू लागला. माणिकने विचारलं, "आमटीत काही पडलंय का?"

तिला तो काही बोलला नाही. बोलला शेजारच्या पंक्चरवाल्या अण्णाकडे, आणि तिथेच चुकला. "तिसरो उडालो तर मी टपरी बंद करतलंय," एवढंच म्हणाला. दुपारपर्यंत रिक्षा स्टँडवर परब गावाला चालला ही बातमी पक्की झाली होती, आणि संध्याकाळी एक वडेवाला येऊन टपरीची लांबी-रुंदी पावलांनी मोजून गेला.

पुढच्या रविवारी सकाळी सुयोग तिसरा बल्ब घेऊन हजर झाला. अण्णाने टायर सोडला आणि स्टूल ओढून समोरच बसला.

"तुका काय काम नाय?" शिवदास खेकसला.

"शेवटचा बल्ब ना रे तुझा. बघू दे की."

शिवदासने बॉनेट उघडलं, फडकं हातात घेतलं, खोक्याचं झाकण वर केलं आणि थबकला. खोकं नाकाशी नेलं. पुन्हा एकदा नेलं. मग अण्णाच्या नाकाखाली धरलं.

"कसलो वास?"

"मोगरा," अण्णा म्हणाला. "उदबत्ती. आमची ही लावते ती."

"जावईबापू, हल्ली दुकानात बल्बला धूप दाखवतात काय?"

सुयोगने मोबाईल काढला आणि त्यात काहीही नसताना बघत बसला. शिवदासने फडक्याने बल्ब उचलला, उन्हात फिरवला. काच स्वच्छ होती. पण काच जिथे धातूच्या कड्यात शिरते, त्या बारीक फटीत लाल रेघ होती.

"हे कुंकू आहे," शिवदास सावकाश म्हणाला.

"आईंचं असतं ते," सुयोग पुटपुटला. आई म्हणजे सासूबाई. "घरात नवीन काहीही आलं की आधी देवापुढे. मिक्सर असो, चप्पल असो. बल्बलाही हळदकुंकू लावतात."

"काचेला?"

"हो. पण मी पुसून आणतो ना! तुम्ही लोक आधीच मला काय काय म्हणता. त्यात कुंकू लावलेला बल्ब आणला असता तर..."

"पुसता कशाने?"

सुयोगने उजवा अंगठा वर केला.

अण्णा असा हसला की स्टूलवरून घसरला. शिवदास हसला नाही. त्याने तो अंगठा धरून जुन्या बल्बवरच्या डागाशेजारी नेला, मग दुसऱ्या बल्बशेजारी. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि छातीतला श्वास सोडला. एवढा मोठा श्वास त्याने आठवडाभरात सोडला नव्हता.

"आता घरी जाऊन सासूबाईंना सांगा, काचेला लावू नका."

"मी?" सुयोगचा आवाज बारीक झाला. "मी नाही सांगणार. यार परबकाका, तुम्हीच चला ना."

न जाऊन चालणार नव्हतं. पुढचाही बल्ब उडाला असता, आणि रस्त्यावरच्या लोकांनी खापर परबच्याच बोटांवर फोडलं असतं. शिवदास त्याच गाडीतून मुलुंडला निघाला.

सासूबाई, म्हणजे विमलाबाई, सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरल्या. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. शिवदासने जुने बल्ब दाखवून सगळं सांगितलं, आणि आता ओरडा खायचा म्हणून उभा राहिला. बाईंनी चष्मा वर केला.

"किती तापते हो ही काच?"

"पापड भाजाल."

"आणि डाग तेवढाच फुगतो? बाकीची काच तशीच राहते? अरे वा! सुयोग, बघितलंस का?" मग भानावर येऊन म्हणाल्या, "पण देवापुढे ठेवणार म्हणजे ठेवणार. शाळेत शिकवलं ते शाळेत."

"ठेवा ना. खोक्याला लावा कुंकू."

"खोकं कचऱ्यात जातं, परब. ते का गाडी चालवणार आहे?"

शिवदासने फडक्यातला बल्ब फिरवून त्याचं कडं पाहिलं. मग स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने त्याने बल्बची काच पुसली, ती पूर्ण वाळू दिली, बल्ब फडक्यात आडवा धरला आणि खालचं धातूचं कडं बाईंपुढे केलं. "इथे लावा. ह्या कड्याला. काचेला नाय."

बाईंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली. शिवदासचा हात जराही हलला नाही. कुंकू कड्यावरच टेकलं. शिवदासने बल्ब खाचेत सरकवला, तारेची क्लिप लावली, रबरी टोपी चढवली. सुयोगने बटण दाबलं आणि समोरच्या भिंतीवर दोन सारखे उजेड पडले.

"मागचे बघितलेत कधी?" शिवदासने विचारलं.

सुयोगने बघितले नव्हते. आपले ब्रेकचे दिवे चालकाला दिसत नाहीत, त्यासाठी एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने मागे उभं राहायचं.

"मी दाबते," विमलाबाई म्हणाल्या. नवऱ्याच्या त्या गाडीत त्या आजवर शेजारच्या सीटवरच बसल्या होत्या. सुयोगने मुकाट्याने दार उघडून धरलं. बाई साडी आवरून आत बसल्या, चप्पल काढली आणि दोन्ही पाय पेडलवर ठेवले.

"दाबा!" शिवदास मागून ओरडला.

"दाबलं! लागला का?"

"एक लागला. उजवो गेलो हा."

"मग बदला की आत्ता. सुयोग, जा, दुकान उघडं असेल. मी बसलेय इथे."

सुयोग धावला. शिवदास मागच्या दिव्याचं कव्हर काढायला उकिडवा बसला. पहिला स्क्रू गंजलेला होता. त्याने तो अंगठ्याने चाचपला, खाच कुठे आहे ते बरोबर कळलं, आणि स्क्रू ड्रायव्हर लावला.

"परब," पुढून आवाज आला, "पाय काढू का नको?"