उखा बोरसेचं गप्प बसणं

उखा बोरसेच्या कानांनी साथ सोडली तेव्हा त्याला पन्नासावं लागायचं होतं. एकोणिसाव्या वर्षी तो शिंदखेड्याकडच्या एका गावातून सुरतेला आला आणि लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागला. बारा बारा तासांची पाळी, एका खोलीत चाळीस लूम, आणि खडखडाट असा की शेजारच्याला पाणी हवं असेल तर तो ओंजळ करून दाखवायचा. तीस वर्षांत आधी उजवा कान गेला, मग डावाही निम्मा. कानांमागे स्वभाव गेला. चार माणसं हसली की ती आपल्यालाच हसतात असं उखाला वाटायचं. ऐकू येत नाही म्हणून तो ओरडून बोले, की समोरचाही ओरडे. धाकट्या भावाशी, भटूशी, एका लग्नातल्या मानपानावरून वाजलं आणि सात वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. माझ्या घरात नवरा नाही, लूम आहे, असं त्याची बायको प्रमिलाबाई शेजारणींना सांगायची.

लूम सुटल्यावर तो उधन्यातल्या एका पस्तीवाल्याकडे रद्दी वेगळी करायला जाऊ लागला. तिथे एका गठ्ठ्यात त्याला मराठी पुस्तक सापडलं. मुखपृष्ठ नव्हतं, पहिली दहा-बारा पानंही नव्हती. चीन देशातल्या एका जुन्या विचाराबद्दल ते होतं. त्या विचाराला ताओ म्हणतात आणि ताओ म्हणजे वाट, एवढं त्याला उमगलं. सातवी शिकलेला माणूस. ओळीखाली बोट धरून तो रोज एक पान वाचायचा. निम्मं डोक्यावरून जायचं. पण जोर लावून अडतं ते जोर सोडला की सुटतं, हे वाचून तो थबकला. ताणा, म्हणजे लूमवरचा उभा धागा, जास्त ओढला तर तुटतो, सैल सोडला तर गुंततो, हे त्याच्या बोटांना तीस वर्षं ठाऊक होतं. माणसांशीही असंच वागता येतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुस्तकात स्वस्थ बसायला सांगितलं होतं, म्हणून तो बसू लागला. तो राहायचा ती इमारत चार मजली. तळाला छगनभाईंचं लूमचं खातं, म्हणजे कारखाना, वर बारा बिऱ्हाडं. जिन्याशेजारी एक जाडजूड खांब होता. दुपारी तासभर त्या खांबाला पाठ टेकून उखा डोळे मिटून बसायचा. आधी डोक्यात जुनी भांडणंच चालायची. सहा-आठ महिन्यांनी ती दमली. कानांनी न ऐकू येणारं खातं त्याला पाठीतून कळायचं. लूमचा तो थरथराट त्याला घरच्यासारखा वाटायचा. एक दिवस तो केळी घेऊन सुरतेतल्याच डिंडोलीला भटूकडे गेला आणि नुसता बसला. भांडणाचा विषय कुणीच काढला नाही. दोघांनी केळी खाल्ली. त्या दिवसापासून येणंजाणं सुरू झालं.

गेल्या दिवाळीनंतर छगनभाईंनी जुने लूम भंगारात काढले आणि पाण्याच्या फवाऱ्यानं धागा फेकणारी नवी वॉटरजेट मशीन आणली. मशीन मोठी, खातं लहान, म्हणून मधल्या दोन भिंती पाडल्या. जिन्याशेजारच्या त्या खांबाची खात्याकडची कडाही छिलून घेतली. दुसऱ्याच आठवड्यात उखाला पाठीत निराळं काही जाणवू लागलं. मशीनचा थरथराट होताच, पण त्याखाली अधूनमधून एक बारीक झटका बसायचा. एखादा धागा तुटावा तसा.

मग रजेचा दिवस आला. मशीन बंद होती. उखा खांबाला टेकला, आणि झटका बसला. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक. ताण्यातले धागे असेच तुटतात, आधी एक, मग दम खाऊन दुसरा, आणि शेवटी सगळे एकदम, हे त्यानं शेकडो वेळा पाहिलं होतं.

त्यानंतर त्याला सगळंच दिसू लागलं. गॅलरीतला कपड्यांचा दोर वर्षानुवर्षं झोळीसारखा लोंबायचा, तो आता तारेसारखा ताठ झाला होता. तुम्हीच ओढून बांधला असेल, असं प्रमिलाबाई म्हणाली. त्यानं हात लावला नव्हता. न्हाणीचं दार चौकटीत अडकू लागलं. ओट्यावरून पडलेला कांदा घरंगळत दर वेळी एकाच कोपऱ्यात जायचा. एका भरदुपारी, कुणी जवळ नसताना, जिन्यातल्या खिडकीची काच आपोआप तडकली.

उखानं इमारतीतल्या लोकांच्या बैठकीत सांगितलं. लोक एकमेकांकडे पाहून हसले. बहिऱ्याला खांब ऐकू येतो, ही गोष्ट आठवडाभर गल्लीत फिरली. दुसऱ्या मजल्यावरचा रामदास मात्र हसला नाही, समजुतीनं बोलला. तो परभणीकडचा, सेंट्रिंगचा मिस्त्री, उखाचा जवळचा माणूस. उखाच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन त्यानं सांगितलं की प्लास्टर सुटलंय, बाकी काही नाही.

पूर्वीचा उखा असता तर त्यानं खात्यात शिरून छगनभाईंची गचांडी धरली असती. आताच्या उखानं घरी येऊन गाठोडी बांधायला घेतली.

"आते या वयमा घर सोडीसन कोठे जावानं?" प्रमिलाबाईनं विचारलं.

"भटूकडे."

"लोके हसतीन."

"हसू दे. मन्ही पाठले समजस."

सकाळी हातगाडीवर सामान लादून दोघं डिंडोलीला गेली. पण दुसऱ्या दिवसापासून उखा रोज परत येऊ लागला. समोरच्या चहाच्या टपरीच्या बाकावर बसायचा आणि इमारतीकडे पाहत राहायचा. कुणी विचारलं तर एकच वाक्य सांगायचा, "मशीन बंद असली तरी इमारत हलते." कुणाला बोलवायला गेला नाही, कुणाशी वाद घातला नाही. त्या बसण्याचंच लोकांना भय वाटू लागलं. सकाळी दार उघडावं तर समोर हा. संध्याकाळी कामावरून यावं तरी हा. पाचव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरची बाळंतीण माहेरी कडोदऱ्याला गेली. मग तिच्या शेजारचे हलले. तीन आठवड्यांत अकरा बिऱ्हाडं रिकामी झाली. रामदास तेवढा राहिला. त्याची बायको वत्सला भिऊन बहिणीकडे गेली होती.

त्या दिवसांत उखाच्या मनात असं काही आलं की त्याची त्यालाच भीती वाटली. रोज बाकावर बसलं की तो आधी इमारत शाबूत आहे का ते पाहायचा, आणि ती शाबूत दिसली की त्याला किंचित वाईट वाटायचं.

ते ध्यानात आलं त्या दिवशी तो उठून खात्यात गेला. छगनभाई स्वतः विणकराचं पोर. वडिलांच्या हाताखाली लूमवर वाढलेले. उखानं त्यांना काही समजावलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबल्यावर त्यांचा तळवा धरून खांबाला लावला. दोघं उभे राहिले. बऱ्याच वेळानं झटका बसला आणि छगनभाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी हात काढून पँटला पुसला आणि ते ऑफिसात गेले.

उखाला वाटलं, आता खातं बंद होईल. पण लग्नसराईचा माल अडकला होता. छगनभाईंनी अर्धा उपाय काढला. त्यांनी रामदासला बोलावलं. खांबाला लोखंडी टेकू लाव, सळ्या बांधून भोवती नवं काँक्रीट भर, तोवर दोन दिवस मशीन बंद ठेवतो, असं सांगितलं.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास रामदास हत्यारांची पिशवी घेऊन टपरीवर आला. मशीन बंद म्हणून कारागीर बाहेरच चहा पीत उभे होते. उखानं त्याच्याकडे पाहून नेहमीचंच वाक्य म्हटलं.

रामदास त्याच्या कानाशी वाकला. "उखाभाऊ, म्या ह्या हातांनी दोन-तीनशे पिल्लर उभे केलेत. ह्यो एक मला काय करतोय?"

उखाच्या जिभेवर शब्द आले होते. जाऊ नको म्हणावं, हात धरावा, गरज पडली तर पूर्वीसारखं सगळी गल्ली जमेल एवढं ओरडावं. त्यानं ते गिळले. आपण सांगितलं, आता ज्याची वाट त्यानं चालावी, असं मनाशी म्हणाला. इतक्या भीतीतही आपला श्वास संथ चाललाय, हे त्याला जाणवलं आणि बरंही वाटलं. रामदास कप ठेवून आत गेला.

इमारत कोसळली त्याचा आवाज उखाला आला नाही. बाक पायाखालून उचलल्यासारखा झाला, समोरचे चार मजले गुडघ्यांत वाकल्यासारखे खाली बसले, आणि मग पांढऱ्या धुळीत काहीच दिसेना. लोकांची तोंडं उघडी होती. दुपारी चारला रामदासला बाहेर काढलं, तेव्हा तो गेलेला होता.

अकरा बिऱ्हाडं वाचली म्हणून लोक उखाच्या पाया पडायला भटूच्या घरी येऊ लागले. तो मागच्या दारानं निघून जायचा. दहाव्या दिवशी तो वत्सलाकडे गेला. ती भिंतीला टेकून बसली होती. त्याला ओठांवरून वाचता यावं म्हणून तिनं एकेक शब्द सुटा उच्चारला.

"तुम्हाला ठाऊक व्हतं. मग वरडला का न्हाई?"

उखा तिच्यासमोर जमिनीवर बसला. मग म्हणाला, "मी गप्प राहू शकलो, याचंच मला बरं वाटत होतं, वहिनी."

ती उठून आत गेली. महिन्याभरानं ती परभणीला निघाली तेव्हा तिची पेटी बसपर्यंत त्यानंच नेली. तिनं नको म्हटलं नाही.

चार महिने उखा स्वस्थ बसू शकला नाही. डोळे मिटले की धूळ दिसायची. पुस्तक मात्र त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पाणी खाली खाली जातं, कुणाशी झगडत नाही, हे त्याला आता पाठ होतं. पण कड्यावरून पडताना तेच पाणी कोसभर ऐकू जातं, हे पुस्तकात नव्हतं. ते त्याचं त्याला सुचलं.

आता तो डिंडोलीत राहतो. पहाटे बसतो, दुपारी गल्ल्या फिरतो. भटूच्या घरामागे एका जुन्या खात्यावर दोन नवे मजले चढताहेत, आणि खाली विटांची भिंत पोटातून फुगली आहे. उखा तिथल्या आणि शेजारच्या प्रत्येक दाराशी जाऊन मोठ्यानं सांगतो. आवाज चढलेला असतो, पण डोळ्यांत राग नसतो, त्यामुळे लोकांना त्याला काय म्हणावं ते कळत नाही. मागच्या मंगळवारी तिथल्या शेठनं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. बुधवारी तो पुन्हा गेला. एका बाईनं दार उघडून त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, किती दिवस आहेत? ते त्यालाही सांगता आलं नाही. वर दुसऱ्या नव्या मजल्याची स्लॅब भरणं चालू होतं.