अंबाबाईची जाऊ मशीनवर बसली

"पंखा हाय, खुर्ची हाय, वरून सायेब चहा सांगतेत तिला. आन् मी हितं लिंबाचा पाला गोळा करायलेय. दत्ताभाऊ, न्याव हाय का ह्यो?"

"मग वहिनी, तुमीबी बारावी करायची व्हती की," भज्यांच्या गाड्यावरून दत्ता म्हणला.

"बारावीच्या वयात म्या शेरडं राखली."

झरीची अंबाबाई विद्यापीठाच्या आवारात रोजंदारीवर झाडते. बबिता तिची धाकटी जाऊ. तिला अंबाबाईनंच सायबाच्या हातापाया पडून इथं लावलं. वाटलं, एसटीत सोबत होईल.

पूर्वी प्रवेशाची जुनी कागदं, म्हणजे पोरापोरींच्या आधारच्या झेरॉक्स, दाखले, बँकेचे नंबर, मागच्या खड्ड्यात जाळायचं काम अंबाबाईकडं होतं. धूर डोळ्यांत जायचा, पण त्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला असायची. मग वरून हुकूम आला की अर्धवट जळलेली कागदं वाऱ्यानं उडतात, लेकरांची माहिती कोणाच्याही हाती लागते. कागदं कातरायचं मशीन आलं. त्यावरची बटणं इंग्रजीत. बबिताला वाचता येत होतं. किल्ली बबिताच्या कमरेला गेली.

तवापासून अंबाबाईच्या अंगाला अन्न लागेना. शिपाई बबिताला "मशीनवाल्या बाई" म्हणायचा आन् हिला "ए मावशे". बबिता एसटीत खिडकीला बसली तरी ही तोंड फिरवून बसायची.

त्या दिवशी सकाळी दत्तानं भजी दिली. खाता खाता कागदाकडं नजर गेली, तर तेलात एका पोरीचा फोटो, खाली पेनानं लिहिलेला फोन नंबर. अंबाबाईला वाचता येत नाही, पण इतकी कागदं जाळलेल्या बाईला आधार ओळखू येणार नाही होय?

"दत्ताभाऊ, ह्यो कागद कुठला?"

"तुमच्याच जावेनं दिलाय. टाचणीवाली कागदं मशीनमधी अडकतेत म्हणली. गड्डीच देऊन गेली."

एवढं गोड भजं अंबाबाईनं जन्मात खाल्लं नव्हतं.

कागद सायबाला नेऊन दिला असता तर काम भागलं असतं. पण एकट्या सायबाला कळून काय उपेग? बबिताची इज्जत चारचौघांत जायला पाहिजे. तिनं कागद ओट्यावर पसरला, मोबाईलनं फोटो काढला आणि कामगारांच्या ग्रुपवर टाकला. खाली बोलून टाकलं, "बघा मशीनवाल्या बाईचे धंदे! लेकीबाळींचं आधार भज्याला!"

त्या ग्रुपात वॉचमन होते, ठेकेदार होता, कँटीनची पोरं होती. फोटो कुठल्या कुठं गेला.

दुपारी वॉचमनला विचारत विचारत फोटोतली पोरगी स्वतःच आली. पालमची दीपिका. हातातला फोन वाजायचा थांबेना.

"मावशी, फोटो तुमी टाकला?"

"तुझ्याच भल्यासाठी टाकला, बाई. त्या बबितानं..."

"भज्याचा कागद उकिरड्यात गेला असता. तुमी माझा नंबर गावभर केला. सकाळधरून कोण कोण फोन करायलेत. एक मेला म्हणतो, भजी खायला येती का. बापाला कळलं तर माझं शिक्षण बंद."

पोरीनं अंबाबाईच्या हातातला फोन घेतला, फोटो पुसला, फोन परत दिला. तेवढ्यात तिचा स्वतःचा परत वाजला.

सायबानं दोघी जावांना उभं केलं. बबिताची किल्ली काढून घेतली. अंबाबाईचा हात नकळत पुढं झाला.

"तुमाला?" सायेब म्हणले. "तिनं एका गाड्यावर दिलं, तुमी अख्ख्या आवारात वाटलं." किल्ली नागेश शिपायाकडं गेली. दत्ताकडली उरलेली गड्डी गोळा करून आणायची, आन् उद्यापासून दोघींनीबी आवार झाडायचं.

बाहेर आल्यावर बबिता म्हणली, "आक्का, मला सांगायचं व्हतं. म्या वापस आणली असती कागदं."

"तू कधी त्या मशीनला हात लावू दिलास का मला?"

"तुमी कधी म्हणलात?"

दोघींनी गाड्याखालची, नालीतली तेलकट कागदं उचलून पोत्यात भरली. दुसऱ्या दिवशी स्टोअरवाल्यानं बबिताला खराटा दिला. अंबाबाईनं निरखून बघितलं. कोरा करकरीत, काडी न् काडी सरळ. हिच्या हातात मागच्या उन्हाळ्यातला झिजलेला.

"हिला नवा का?" ती पुटपुटली, आणि लिंबाखालचा पाला ओढायला लागली.