दार उघडलं की हॉर्न

आमचा दिनकर थंडीत गेला. रात्री जेवला, चांगला बोलला, आणि सकाळी उठलाच नाही. असं कुणाचं होऊ नये.

इकडं हिंदी मुलखात, मुरलीपुऱ्यात त्याचं गाडीच्या सामानाचं दुकान. सीट कव्हर, मॅट, हॉर्न, सगळं ठेवायचा, पण जीव कीचेनच्या दिव्यांत. पोट दाबलं की डोळे पेटणारा उंट, शिट्टी मारली की लुकलुकणारी गोगलगाय, म्हणजे किल्ली हरवली तरी सापडावी. कुठून कुठून शोधून आणायचा. त्याची बायको विनया म्हणायची, "अहो, दुकान आहे का जत्रा?" तो म्हणायचा, "जत्राच. तू बस पाळण्यात."

तो गेला आणि शटर खाली आलं. थोरले दीर वसंतराव, विमा कंपनीतून रिटायर झालेले, भला माणूस. त्यांनी दुकान घेणारा एक जण शोधला. "रविवारी बघायला येतील. बाईमाणसाचं काम नाही गं ते. हो म्हणून टाक." विनया हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिला वाटायचं, दुकान गेलं की दिनकर पुन्हा एकदा जाणार. पण चालवायचं तर आपल्याला जमेल का, तेच कळत नव्हतं. संध्याकाळी त्याला टॉर्च धरून उभी राहायची, तेवढंच तिचं शिक्षण.

रविवारी सकाळी ती झाडझूड करायला गेली. शटर वर करते न करते तोच दारात गाडी. जवाहर नगरच्या रत्नप्रभाताई, आणि मागच्या सीटवर त्यांच्या सासूबाई, गंगूबाई.

"दिनकरभाऊंनी पायाशी दिवा लावून देतो म्हटलं होतं," ताई म्हणाल्या. "आईंना संध्याकाळी दिसत नाही, पाय कुठं ठेवायचा कळत नाही. मागं एकदा पडल्या." मग दिनकरचा हार घातलेला फोटो दिसला आणि त्यांनी हात जोडले. "मला माहीत नव्हतं हो. जाऊ दे, दुसरीकडं बघते."

विनयाच्या तोंडून निघून गेलं, "बसा. मी लावते."

आता निघून गेलं ते गेलं. ती वाकून डॅशबोर्डखाली शिरली, वायरी जोडल्या, दिव्याची पट्टी चिकटवली. "आई, दार उघडा बघू."

गंगूबाईंनी दार उघडलं आणि गाडी जी बोंबलायला लागली! दिवाही लागला, हॉर्नही. दार लावलं की दोन्ही बंद, उघडलं की पुन्हा बोंब. अख्खी गल्ली गोळा झाली. शेजारचे पंक्चरवाले रामेश्वरजी पोट धरून हसत म्हणाले, "भाभीजी, ये गाड़ी है या बारात?"

विनयाच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण गंगूबाई म्हणाल्या, "रडतेस काय? मी आले की गल्लीला कळायला नको? काढ ती वायर, दुसरी बघ. मला घाई नाही."

मग तिला आठवलं. दिनकर अंदाजानं वायर कधी जोडायचा नाही. त्यानं एका कीचेनचा दिवा फोडून त्यात गाडीचा बल्ब बसवला होता, दोन वायरी काढल्या होत्या. एक बॅटरीला, दुसरी एकेका वायरला टेकवायची. दार उघडल्यावर पेटतो, लावल्यावर विझतो, ती वायर आपली. तो दिवा ड्रॉवरमध्ये सापडला. रामेश्वरजी दार उघडझाप करत राहिले, "खोला... बंद किया... खोला..." आणि एका वायरवर नेमका पेटला, नेमका विझला. हॉर्नही वाजवून बघितला, तेव्हा पेटला नाही, म्हणजे ही हॉर्नची वायर नव्हे.

तेवढ्यात वसंतराव त्या गिऱ्हाइकाला घेऊन आले. बघतात तर काय, विनयाचं डोकं गाडीत, पाय बाहेर.

"विनया! हे काय चाललंय?"

"भाऊजी, थांबा जरा, टेप लावते." आतनंच बोलली. मग म्हणाली, "आई, उघडा आता."

दार उघडलं. पायाशी पिवळा उजेड पडला, गाडी गप्प. गंगूबाईंनी वाकून बघितलं, पाय बरोबर ठेवला, खाली उतरल्या, आत बसल्या, पुन्हा उतरल्या. लहान पोरासारखं करत होत्या.

विनया बाहेर आली, हात काळे, केसांत जळमट. त्या माणसाला म्हणाली, "भाईसाब, माफ करना. दुकान देना नहीं है." मग दिराकडं वळली. "भाऊजी, मला जमेल की नाही माहीत नाही. आज पहिल्यांदा हॉर्नच वाजला. पण मला करून बघायचंय."

वसंतराव त्या माणसाला कोपऱ्यापर्यंत पोचवून परत आले, काउंटरमागच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पावती कशी करायची ते तरी सांग. ताई थांबल्यात."