‘नाही’च्या जागी ‘आहे’

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, वाद पेटला. निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्यांनी एकत्र येऊन एक व्हावं, की आपापल्या जुन्या रीतीनं राहावं, असा तो वाद. आज ऐकणाऱ्याला तो फार मोठा वाटणार नाही. शहराच्या सदर भागातल्या आमच्या वस्तीत मात्र त्यापायी सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

माझे बाबा शाळामास्तर, आणि एकीच्या बाजूचे. ख्रिस्ताच्या नावानं वेगळ्या चुली मांडणं हेच मुळात चूक, असं ते म्हणत. विरोधकांचे पुढारी होते आमच्या घरी रोज येणारे एक काका. नात्यानं कोणी नव्हेत, पण वीस वर्षं बाबांच्या शेजारी उभं राहून चर्चच्या गायकवृंदात गायलेले. ते एका छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत. ज्या श्रद्धेपायी आपल्या आज्यानं गाव सोडलं, तिच्या रीती एकीच्या नादात पुसल्या जातील, अशी त्यांना भीती होती.

दोघंही वर्तमानपत्रात पत्रं लिहून एकमेकांची मतं खोडून काढत, आणि संध्याकाळी आमच्या अंगणात बाजेवर बसून चहा पीत. मी तेव्हा वीस वर्षांची. मला ते ढोंग वाटायचं. त्यातच विरोधकांपैकी कोणीतरी उठवलं की मास्तरांना नव्या मंडळीत मोठं पद हवंय, म्हणून ही धडपड. मी आतून पेटले. बाबा नुसते हसले.

रविवारच्या उपासनेनंतर सभा होऊन मतं घेतली जाणार होती. तिच्यासाठी बाबांनी एक पत्रक लिहिलं. त्यांचं अक्षर वाईट, म्हणून स्वच्छ प्रत मी काढली. शेवटाकडे एक वाक्य होतं: ‘विरोध करणाऱ्या बांधवांच्या हेतूविषयी आमच्या मनात शंका नाही.’ मी ‘नाही’च्या जागी ‘आहे’ लिहिलं. चुकून नव्हे. कागद काकांच्याच छापखान्यात गेला, कारण वस्तीतलं सगळं तिथंच छापलं जाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका सायकलवरून घरी आले. बाबा शाळेत होते आणि आई शेजारी गेली होती. काकांनी खिशातून माझी प्रत काढली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे वाक्य तुझ्या बाबाचं नाही.”

“बाबांनीच सांगितलं,” मी म्हणाले.

“मग मी शाळेत जाऊन त्यालेच विचारतो. तो हो म्हणाला तर छापतो. माझं कामच आहे ते.”

ते वळले तेव्हा माझा धीर सुटला. “काका, थांबा. ते मी लिहिलं.”

“काहून वं?”

मी उठलेल्या अफवेचं सांगितलं. ते पायरीवर बसून ऐकत राहिले. मग म्हणाले, “ते ज्यानं म्हटलं, त्याले मी चांगला झाडला. तुझ्या बाबाचं मत मले पटत नाही, पण माणूस मले ठाऊक आहे.” त्यांनी कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. मी ‘आहे’ खोडून ‘नाही’ लिहिलं. जाताना ते एवढंच म्हणाले, “बाबाले सांगायचं का नाही, ते तू ठरव. मी नाही सांगणार.”

मी सांगितलं नाही.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. बाबा बोलले, मग काका बोलले, आणि तेही चांगलं कडक. ते बसतात तोच एकीच्या बाजूचा एक गृहस्थ पत्रक नाचवत, काकांकडे बोट करत उभा राहिला. “हे छापायच्या आधीच यांच्या लोकांनी वाचलं होतं. मास्तर नसताना हे स्वतः कागद घेऊन त्यांच्या घरी गेले होते, मी डोळ्यांनी पाहिलं. काय करून राहिले होते तिथं, विचारा त्यांना.”

कुजबुज सुरू झाली. सभा चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी काकांकडे पाहिलं. काका मान खाली घालून बसले. त्यांनी तोंड उघडलं असतं तर माझं नाव बाहेर आलं असतं.

मी बायकांच्या बाकावरून उठले. काय लिहिलं होतं आणि ते कोणी थांबवलं, ते सगळं सांगितलं. सांगताना बाबांकडे पाहायची हिंमत झाली नाही.

बाबा उठले आणि मधली वाट ओलांडून विरोधकांच्या बाकावर, काकांच्या शेजारी जाऊन बसले. सभा संपेपर्यंत ते तिथंच होते. मतांची वेळ आली तेव्हा तिथूनच त्यांनी एकीच्या बाजूनं हात वर केला. त्याच बाकावरून काकांनी विरोधात केला. त्या बाकाइतकं मोठं काही मी त्या चर्चमध्ये नंतर पाहिलं नाही.

घरी बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “माझ्या नावावर तू लिहिलं, ते मी विसरीन. ज्यानं तुले खांद्यावर खेळवलं त्याच्यावर शंका घेतली, ते तूच त्याच्याशी निस्तर.” मी त्याच दुपारी काकांकडे गेले. काकूंनी बळेच जेवायला बसवलं. काका माझ्या शेजारीच पान मांडून बसले.

ठराव मंजूर झाला. काका आणि पाच-सहा घरं वेगळी झाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सक्करदऱ्याकडे, एकाच्या ओसरीवर त्यांची उपासना भरू लागली. वर्तमानपत्रातला वाद पुढे कितीतरी दिवस चालला. फरक एवढाच, की आता दोघंही आपलं पत्र धाडण्याआधी एकमेकांना वाचायला देत. काका बाबांचं शुद्धलेखन सुधारत, आणि बाबा काकांचे मुद्दे नीट लावून देत. “हा मुद्दा असा मांड, जास्त लागेल,” असं बाबा म्हणताना मी ऐकलंय.

माझं लग्न आमच्याच चर्चमध्ये झालं. काका सगळं कुटुंब घेऊन आले, पहिल्या ओळीत बसले आणि सगळी गीतं मोठ्यानं गायले. मग जेवणाच्या पंगतीत बाबांशेजारी बसून त्यांनी पुन्हा एकीचा विषय काढला. बाबांनीही उत्तर दिलं. वाढायला आलेली आई म्हणाली, “आज पोरीचं लग्न आहे. आज तरी राहू द्या.”

दोघं गप्प झाले. भात येईपर्यंत.