गिरणीकडची भिंत

लालबागच्या चाळीत लग्न होऊन आले तेव्हापासून मागच्या भिंतीशी माझं भांडण होतं. जुलै लागला की लोखंडी कपाटामागून काळे ठिपके बाहेर यायचे. गणपती येईपर्यंत त्यांचे पुंजके व्हायचे आणि आतल्या साड्यांना कुबट वास लागायचा. मी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसलं, व्हिनेगर लावलं, दोनदा वॉटरप्रूफ रंग दिला. तोही कपाटाच्या कडेकडेने, कारण ते भरलेलं धूड हलवायची कोणाची छाती नव्हती. महिन्याभरात बुरशी परत.

"मुंबईची हवाच अशी. तू कशाला जीव काढतेस?" सासूबाई म्हणायच्या.

पण गेल्या पावसाळ्यात त्यांचाच खोकला हटेना. डॉक्टरांनी विचारलं, घरात ओल आहे का? त्या म्हणाल्या, नाही. मी म्हणाले, आहे.

त्या रविवारी मी आणि नवऱ्याने कपाट रिकामं करून खोलीच्या मध्ये ओढलं. मागची भिंत काळीकुट्ट. वर, छताजवळ, रंगाखाली एक चौकोनी कड दिसत होती. हातोडीने ठोकलं तर पोकळ आवाज आला.

"अहो आई, इथे काय आहे?"

सासूबाईंनी मान वर करून त्या चौकोनाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "झरोका होता. समोर गिरणीची चिमणी. काजळी थेट भातात पडायची. ह्यांनी एक दिवस खाडा करून बुजवला. राहू दे आता. त्यांच्या हातचं आहे."

सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी त्यांना पाहिलंही नव्हतं. मी हातोडी खाली ठेवली. दोन दिवस कपाट तसंच मध्ये उभं राहिलं, आम्ही त्याला वळसा घालून वावरत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी, खोकल्याची उबळ ओसरल्यावर, सासूबाईंनीच विषय काढला. "त्या चिमणीच्या जागी आता काय आहे गो?"

"टॉवर."

"काजळी येता काय त्यातून?"

"नाही."

"मग काढ. ते असते तर त्यांनीच उघडला असता."

नवऱ्याने स्टुलावर चढून प्लायवूड उचकटलं. आतून वर्तमानपत्रांचे काळे पडलेले बोळे निघाले. सासूबाईंनी एक उलगडून पाहिला आणि कचऱ्यात टाकला. मग बाहेरचा पत्रा सुटला आणि खोलीत वारा शिरला. दोरीवरचे टॉवेल हलले. सासूबाई चक्क मोठ्याने हसल्या.

नाकाला ओढणी बांधून मी सगळे पोपडे खरवडले, भिंत धुतली, आठवडाभर पंखा लावून वाळवली. झरोक्याला तिरक्या पट्ट्यांची जाळी बसवली, पाऊस आत येऊ नये म्हणून. कपाट भिंतीपासून वीतभर लांब ठेवलं. रोज सकाळी मी भिंतीवर तळवा टेकवायचे. कोरडी. श्रावण गेला, कोरडी. गणपतीत भिंत पांढरीशुभ्र होती, आणि सासूबाई न खोकता सगळ्या आरत्या म्हणत होत्या!

आरतीला आलेल्या प्रत्येक बाईला त्या हाताला धरून भिंतीपाशी न्यायच्या. "हात लाव. लाव म्हणते ना! आमच्या सुनेने केलं."

दसऱ्यापर्यंत आमच्या मजल्यावरचे आणखी चार झरोके उघडले. प्रत्येक खोलीत सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि कुठे ठोकायचं ते बोटाने दाखवत होत्या.