सरासरीत न सापडलेली पोरं

ती मिसिंगची तक्रार आजही आठवते, आणि आठवली की आधी माझं मलाच हसू येतं. नव्यानं फौजदार झाले होते. इस्त्री कडक, अक्कल कच्ची.

इस्लामपूरकडचे एक निवृत्त जवान ठाण्यात आले. इंजिनिअर मुलगी दोन दिवस बेपत्ता. टोपी हातात फिरवत म्हणाले, "कॉलेजच्या बोर्डावर सरासरी पगार लिवलाय, म्याडम. ही निम्माच सांगत हुती. मी म्हनलं, तूच कमी पडलीस. तवा गेली."

उरलेला निम्मा पगार पोरगी कुणा पोराला देते, हे मी जागच्या जागी ठरवून टाकलं. हवालदाराला म्हटलं, "प्रेमप्रकरण. लिहा." त्यानं लिहिलं नाही. शहाणा होता.

फोटो सगळीकडं पाठवला. महाबळेश्वरच्या टॅक्सीवाल्यानं खबर दिली: पोरगी मैत्रिणीच्या शेतावर स्ट्रॉबेरी भरतेय. तिथंच दरडावून जबाब घेतला. "उरलेला पगार कुठं जातो?"

पेटीत मोठी फळं वर लावत ती म्हणाली, "आवं मॅडम, मिळतच न्हाई तो. वर्गात माझ्या वळखीच्या कुनालाच न्हाई."

मग कॉलेजच खोटारडं, असं समजून मी त्यांची नोंदवही तपासली. आकडा बरोबर निघाला! नोकरी लागलेल्यांचेच पगार बेरजेत होते. घरी बसलेली पोरं धरलीच नव्हती. सगळ्यात मोठा पगार विट्याच्या एका पोराचा. तो लागला होता वडिलांच्याच, दूरच्या शहरातल्या सोनं गाळून शुद्ध करायच्या दुकानात. त्याच्या एकट्याच्या पगारानं सगळ्यांची सरासरी वर गेली होती. खोटं कुणीच बोललं नव्हतं. बेड्या घालणार कुणाला?

बापलेकीला ठाण्यात समोरासमोर बसवलं. वडिलांना विचारलं, "तुमच्या तुकडीच्या पगारात जनरलसाहेबांचा मिळवून सरासरी काढली, तर तेवढा तुमच्या हातात पडला असता का?"

ते लेकीच्या स्ट्रॉबेरीनं तांबड्या झालेल्या बोटांकडं बघत म्हणाले, "कमी मीच पडलो गं, पोरी."

तिनं डोळे पुसले, शेतावरून आणलेली स्ट्रॉबेरीची पेटी पुढं सरकवली. "खावा आप्पा. पन नुसती वरची बघू नका."

आता नात कॉलेजांची पत्रकं घेऊन माझ्याकडं येते. मी तिला म्हणते, आधी विचार, वर्गात पोरं किती नि बेरजेत किती. त्या मुलीची मिसिंग मी आठवड्यात बंद केली. बेरजेत न धरलेल्या पोरांची मात्र कुणी दाखलच केली नव्हती.